दर अठ्ठेचाळीस मिनिटांनी

ताटाच्या कडेपासून दोन मिलिमीटर आत एक पिवळी रेघ होती.

वाळलेल्या मुगाच्या वरणाची. बोटभर लांब, एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला विरत गेलेली. कुणीतरी बोटानं ताट निपटायला घ्यावं आणि मध्येच हात थांबावा, तशी.

त्रिशलानं पट्टी लावून ती मोजली. तिला सवयच होती मोजायची. पण मोजताना तिनं ओढणी नाकावर दाबून धरली होती, कारण त्या रेघेला वास होता. आंबलेल्या वरणाचा आणि... आजारी माणसाच्या तोंडाचा.

ताट धुतलेल्या ताटांच्या चळतीत होतं. सगळ्यात वर.

हे घडलेलं आहे. कुणाला पटेल, कुणाला नाही. गाव रिसोड, बाजारपेठेमागची गल्ली, खाली किराणा दुकान आणि वर घर. गेल्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार. अमावास्या नव्हती, रात्रही नव्हती. संध्याकाळचे पाच चाळीस झाले होते आणि ओट्यावर अजून ऊन होतं.

"भागिरथा, हे ताट बघ."

भांडी घासणारी भागिरथा पदराला हात पुसत आली. "सकाळीच घासलं ना ताई म्या. तोंड दिसन असं."

"मग हे काय आहे?"

भागिरथानं वाकून पाहिलं आणि तोंड फिरवलं. "तुमी बी ना ताई. खाऊन तसंच ठेवता अन् नाव माह्यावर. उंदीर बी उष्टं असं चळतीवर चढवून नाई ठेवत."

तिनं रेघेवर बोट फिरवलं. बोट तिथंच थांबलं.

"हे वाळेल नाई ताई. ओलं हाय अजून. कोमट हाय."

तिनं ताट खसाखसा घासलं, दोनदा विसळलं, पुसून पुन्हा चळतीवर ठेवलं आणि नेहमीपेक्षा लवकर निघून गेली. जाताना वळून पाहिलं नाही.

त्या घराची एक रीत होती. जैन घर. जेवण सूर्यास्ताच्या आत, आणि ताटात कण ठेवायचा नाही. जेवण झालं की ताटात घोटभर पाणी ओतायचं, बोटानं कडा निपटायच्या आणि ते पाणी पिऊन टाकायचं. मग फडक्यानं कोरडं करून ताट जागेवर. उष्टं राहिलं तर अठ्ठेचाळीस मिनिटांत त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव पडतात, अशी श्रद्धा. म्हणून इतर घरांसारखं वाढून घेण्याआधी ताट पुन्हा विसळायची तिथं कुणाला गरजच वाटायची नाही. आधीचा माणूस स्वच्छ करूनच उठलेला असायचा.

सासूबाई पानाबाईंनी हे पन्नास वर्षं पाळलं. त्रिशलाला ते पिवळं, कण तरंगणारं पाणी कधीच प्यायला जमलं नाही. तिला किळस यायची. ती भौतिकशास्त्र शिकलेली, नंतर संगणकाकडे वळलेली. घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायची. कंपनी दवाखान्यातल्या खाटेशेजारी लावायची यंत्रं बनवायची. रुग्णाच्या बोटाला चिमटा लावला की पडद्यावर नाडी दाखवणारी.

त्या यंत्राच्या कर्नलवर तिचं काम होतं. कर्नल म्हणजे आतला कारभारी. कुठल्या प्रोग्रामला मेमरीची कुठली पानं द्यायची हे तो ठरवतो, आणि त्या पानांचे पत्ते लिहिलेले तक्ते प्रत्येक प्रोग्रामला देतो. त्यांना पेज टेबल म्हणतात. प्रोग्राम संपला की त्याचे तक्ते दुसऱ्याला मिळतात. मात्र देण्याआधी ते पुसायचे असतात. नाही पुसले तर नव्याला जुन्याचे पत्ते सापडतील, आणि त्या पत्त्यांवर जुन्याचं सगळं सामान.

पुसायला वेळ लागतो. त्रिशलानं तोच वाचवला होता.

कल्पना तिला याच स्वयंपाकघरात सुचली. जाणारा प्रोग्राम आपल्या नोंदी स्वतः खोडून जातो. मग येणाऱ्यासाठी पुन्हा कशाला पुसायचं? रिकामे तक्ते चळतीत ठेवायचे आणि वरचा उचलून द्यायचा. हे काम अठरा टक्के लवकर व्हायला लागलं. त्या अठरा टक्क्यांवरच तिचा वरिष्ठ राजपाल यानं तिला रिसोडात राहून काम करायची परवानगी मिळवून दिली होती.

एकच गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती. सगळे आवरून जात नाहीत. काही मध्येच मरतात.

मध्येच मेलेल्या प्रोग्रामची एखादी नोंद खोडायची राहून जायची. दहा हजारांत एकदा. तीन आठवड्यांपूर्वी चाचणीत तिला ते दिसलं होतं. नव्या रुग्णाच्या पडद्यावर आधीच्या रुग्णाची नाडी. नर्स तो आकडा खरा मानणार, आणि खाटेवरच्या माणसाची नाडी बुडत असली तरी कुणाला कळणार नाही.

ताट सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी दहा वाजता ही आवृत्ती चाळीस दवाखान्यांत जाणार होती.

राजपालला लिहिलेलं पत्र तिच्याकडे तयार होतं. ते पाठवलं असतं तर अठरा टक्के गेले असते, आणि परवानगीही. रोज ती म्हणायची, उद्या सांगू.

पानाबाई त्याआधीच, कार्तिकात गेल्या. बारा दिवस बाहेरच्या खोलीत खाटेवर होत्या. त्रिशलानं चाचणीचं यंत्र त्यांच्याच बोटाला लावलं होतं. ती वरण-भात भरवायची. दोन घास जेमतेम उतरायचे. मग पानाबाई हवेत बोट गोल फिरवायच्या. ताट धुऊन दे.

"तुम्ही राहू द्या बाई, मी पिते," असं म्हणून त्रिशला ताट आत न्यायची.

आणि ते पाणी मोरीत ओतायची. असं अकरा दिवस चाललं.

बाराव्या दिवशी पाच चाळीसला त्यांचं बोट ताटाच्या कडेवर असतानाच सगळं संपलं. यंत्र ओरडत होतं. गोंधळात त्रिशलानं त्याची वायर उपटली.

सासरे इंदरचंद तेव्हापासून दुकानात येईल त्याला सांगायचे, "माह्या सुनेनं सासूचं ताट धुऊन पेलं. आजकाल कोण करते हो असं?" दर वेळी त्रिशला काहीतरी काम काढून तिथून निघून जायची.

यंत्राचं प्रकरण सुरू झालं ते त्या गुरुवारच्या आधीच्या रविवारी.

ते तिच्या टेबलावर होतं. चिमटा लोंबत होता. त्यात कुणाचंही बोट नव्हतं. तरी नुकत्याच सुरू झालेल्या प्रोग्रामनं चार आकडे नोंदवले होते.

५२. ४९. ४७. ४४.

पानाबाईंचे शेवटचे आकडे. पुढं काही नाही.

तिला वाटलं, आपलीच चूक. जुनं उष्टं वर आलं. पण यंत्र बंद केलं की ती मेमरी विरून जाते, आणि मधल्या काळात ते कितीतरी दिवस बंद होतं. मग ही नाडी राहिली कुठं?

थोड्या वेळानं तेच चार आकडे पुन्हा आले. नंतर पुन्हा. तिनं दोन नोंदींमधलं अंतर काढलं. दोन हजार आठशे ऐंशी सेकंद. दर वेळी तेवढंच. तिनं सगळा कोड धुंडाळला. हा आकडा कुठंही नव्हता.

मग तिनं साठनं भागलं...

अठ्ठेचाळीस.



बुधवारी पुण्याहून नवी मेमरी आली, सीलबंद पाकिटात. जुनी काढून तिनं नवी बसवली. त्या चिपवर आधी कधी काही लिहिलंच गेलं नव्हतं. यंत्र सुरू केलं.

पहिली नोंद आली. ५२.



आणि गुरुवारी ते ताट सापडलं. भागिरथा गेल्यावर घरात त्रिशला आणि सासरे दोघंच उरले; तिचा नवरा बाहेरगावी होता. इंदरचंद जेवून आतल्या खोलीत सामायिकाला बसले होते. एका आसनावर, डोळे मिटून, मौन. सामायिकही अठ्ठेचाळीस मिनिटांचंच असतं. हाक मारली तरी ते बोलणार नव्हते.

सहा वाजता स्वयंपाकघरातून आवाज आला.

ओलं बोट स्टीलवर फिरत होतं. सावकाश, गोल गोल. मग ताट तिरकं केल्याचा आवाज. मग सुरकण्याचा...

गिळल्याचा आवाज आलाच नाही.

पुन्हा बोट. पुन्हा सुरकणं. तोंड भरत चाललं होतं आणि खाली काहीच उतरत नव्हतं.

त्रिशला आत गेली. कुणी नव्हतं. चळतीवरच्या ताटात वरणाचा पातळ थर पसरला होता आणि त्यातून बोटाचा एक गोल माग काढलेला होता. थरावर लाळेचे बारीक बुडबुडे होते. ते फुटत होते... आणि नवे येत होते.

तिनं सांडशीनं ताट उचललं. उकळतं पाणी ओतलं, घासलं, कोरडं केलं. हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. नखांतला वास जाईना.

सहा पंचवीसला राजपालचा फोन आला. पडद्यावर त्याचा हसरा चेहरा.

"काय रिसोडच्या मॅडम, आज नेट आहे का बैलगाडी?"

"आहे."

"चेहरा का असा? सासरच्यांनी उपास घडवला वाटतं. बरं, शेवटचं विचारतो, मग मी सही करतो. तुमच्या पेज टेबलवाल्या बदलात काही राहिलंय?"

उत्तर देण्याआधी तिनं टेबलावरची पाण्याची बाटली उघडून मोठा घोट घेतला.

पाणी कोमट होतं. दाट.

जिभेवर काहीतरी मऊ लागलं. भाताचं शीत. आधीच कुणीतरी चावून सपाट केलेलं.

तिनं तळहातावर थुंकलं. पिवळं होतं.

तेव्हापासून ती पाणी काचेच्या पेल्यात ओतून उजेडाला धरल्याशिवाय तोंडाला लावत नाही.

"मॅडम? आवाज येतोय ना?"

"एक मिनिट... राजपाल."

तिनं यंत्राकडे पाहिलं. घड्याळात सहा अठ्ठावीस. चिमटा नेहमीसारखा मोकळा लोंबत होता, फक्त त्याचा रबर ओला होता.

५२. ४९. ४७. ४४.

इथं दर वेळी संपायचं.

१०४.

पाचवा आकडा कधीच आला नव्हता. पानाबाईंच्या नोंदीत तो नव्हताच. त्रिशलानं आपल्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजले. सव्वीस ठोके. चारनं गुणलं.

एकशे चार.

मेलेल्या बाईच्या नोंदीला जोडून, त्रिशलाची स्वतःची नाडी.

दारात इंदरचंद उभे होते. सामायिक संपलं होतं. कपाळावर आठ्या होत्या.

"ताट कोण खरवडून राह्यलं होतं बेटा? माह्यं ध्यानच नाई लागलं."

"कुणी नाही बाबूजी."

"नाई कसं? पानाबाई करे तसाच आवाज होता. मले वाटलं, तूच हायस. काहून एवढा वेळ लागला मंग?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या तोंडात पाणी भरलं. कोमट, आंबूस, कण असलेलं. जिभेखालून वर येत होतं. तिनं ओठ घट्ट मिटले, नाकानं श्वास घेतला.

मग तिच्या घशाची हालचाल झाली. एक घोट खाली उतरला.

तिनं गिळलं नव्हतं.

"मॅडम, मी सही करू का?" राजपालनं विचारलं. "बाकी सगळ्यांचं झालंय. फक्त तुमचं हो बाकी आहे."

आत, स्वयंपाकघरात, ओलं बोट पुन्हा स्टीलवर फिरायला लागलं होतं. इंदरचंदांनी मान वळवून तिकडं पाहिलं. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं.

त्रिशलानं ओढणीनं तोंड पुसलं आणि सासऱ्यांच्या देखत, स्पष्ट आवाजात ती बोलली.

"सही करू नका, राजपाल. उद्याची आवृत्ती थांबवा, माझा बदल काढून टाका. तक्ते स्वच्छ होत नाहीत. मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे."