दहा मिनिटं पुढे

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची टिंगल करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. पण हे माझ्यासमोर घडलं. आणि ज्या घराशी याचा संबंध आहे, त्या घरातली बाई माझी वहिनी आहे. म्हणून कंपनीचं नाव तेवढं घेत नाही. बाकी यात एक अक्षर पदरचं नाही.

गेल्या मार्चमधला रविवार. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधली सर्व्हर रूम. मी एकटा.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. बाहेर रणरणतं ऊन होतं.

तरी त्या दिवसापासून मी त्या खोलीत एकटा बसत नाही.

मी सुयोग. ज्या खुर्चीवर बसलो होतो ती माझ्या मावसभावाची, सिद्धेशची. तो गेला, आणि त्याचं बारावं व्हायच्या आत कंपनीचा मला फोन. "तू पण हेच काम करतोस ना? मग ये इकडे." म्हणजे माणूस गेल्याचं दुःख नाही, खुर्ची रिकामी राहिल्याचं दुःख. मी गेलो. मला दुसरी नोकरी नव्हती.

काम काय ते सोप्या शब्दांत सांगतो. तुम्ही मोबाईलवर साइटचं नाव टाकता, तेव्हा त्या नावाचा पत्ता शोधून देणारं एक मशीन असतं. नेम सर्व्हर. ते अडलं की सगळ्या गिऱ्हाइकांच्या साइट गायब. या मशीनला लांबून, घरबसल्या हुकूम देता येतो. 'पत्ते पुन्हा वाच', 'थांब', असे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. दोन्हीकडे एकच गुप्त चावी. आणि दोन्हीकडची घड्याळं जुळलेली. घड्याळात पाच मिनिटांच्या वर फरक पडला, तर चावी बरोबर असूनही मशीन हुकूम ऐकत नाही.

त्या दिवशी मला सिद्धेशची चावी काढून माझी बसवायची होती.

आता सिद्धेश कसा गेला ते.

नोव्हेंबरात एका दुपारी छातीत जळजळतंय म्हणून तो ऑफिसातून लवकर निघाला आणि बोरिवलीला घरी आला. लॅपटॉप ऑफिसच्या टेबलावरच राहिला. घरी पोचतो न पोचतो तोच सर्व्हर अडला. चंद्रप्रकाश सर, म्हणजे आमचे साहेब, फोनवर फोन करत राहिले.

"एक कमांड तर मारायचीय. मार आणि मग जा डॉक्टरकडे."

सिद्धेशने बायकोचा, म्हणजे मानसी वहिनीचा लॅपटॉप घेतला. चावी त्याच्या पेनड्राइव्हवर असायचीच. वहिनीने खाली रिक्षा थांबवून ठेवली होती. तो "झालंच, दोन मिनिटं" म्हणत राहिला...

रिक्षात बसला तेव्हा उशीर झाला होता.

शोकसभेत साहेब सगळ्यांसमोर बोलले, "मुलगा चांगला होता. पण त्या दिवशी त्याने लॅपटॉप उघडलाच नाही. आमच्याकडे त्याचं काहीच पोचलं नाही. नुसतं हो हो करत होता."

माणसाला मारायचं आणि वर त्यालाच खोटारडा ठरवायचं.

वहिनी उठून बाहेर गेली, मी तिच्या मागे गेलो. जिन्यात मला म्हणाली, "भावोजी, शेवटपर्यंत त्याची बोटं चालत होती हो. मी बघत होते. मग तो काय खोटं खोटं टाइप करत होता? तुम्ही तिथे जाताय ना... मला एवढंच शोधून सांगा. तो खरंच प्रयत्न करत होता का? आणि मग झालं का नाही?"

मी शब्द दिला.

तर तो रविवार. एसीची घरघर, मशीनच्या पंख्यांचा एकसुरी आवाज. जुनी चावी काढायच्या आधी मी एरवी बंद असलेल्या नोंदी स्क्रीनवर चालू केल्या. मशीनचं दार कोण ठोठावतंय ते दिसावं म्हणून. कुणी नसणार याची खात्री होती.

चहा ओतून घेतला.

आणि पंख्यांचा आवाज खाली बसला...

त्या शांततेत ऐकू आलं.

टक्-टक्.

सिद्धेश एंटर नेहमी दोनदा मारायचा. जोरात. आम्ही त्याला चिडवायचो, "अरे, दाराची कडी वाजवतोस काय?"

खोलीत कीबोर्ड एकच होता. माझ्यासमोरचा. माझे दोन्ही हात कपाला होते.

स्क्रीनवर एक ओळ आली. हुकूम नाकारला. वेळ जुळत नाही.

म्हणजे चावी बरोबर होती. हुकूम ज्या इंटरनेट पत्त्यावरून आला होता, तो सिद्धेशच्या घरचा होता.

टक्-टक्. पुन्हा तीच ओळ.

मी वहिनीला फोन लावला. "वहिनी, तुमचा लॅपटॉप कुणी चालू केलाय का?"

"छे. तो कपाटात आहे. त्या दिवसापासून हात लावला नाही मी. वायफाय पण काढून टाकलं. का हो?"

"काही नाही. असंच."

ती हळूच म्हणाली, "भावोजी... कपाटातून आवाज येतो कधी कधी. दुपारचा. उंदीर असेल म्हणून मी गोळ्या ठेवल्यात."

मी फोन ठेवला आणि आलेला एक हुकूम उघडून पाहिला. त्याच्यावर पाठवणाऱ्याच्या घड्याळाची वेळ असते.

दहा मिनिटं पुढची.

दुसरा उघडला. तोही दहा मिनिटं पुढे. तिसराही.

आणि मला त्यांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ आठवलं.

मुंबईत निम्म्या घरांत घड्याळ पुढे असतं. सकाळी धावपळ नको म्हणून. पण वहिनीची बात और. ती शाळेत शिकवते. आयुष्यात कधी उशिरा पोचली नाही, याचा तिला भारी अभिमान. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, मनगटावरचं पुढे. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन वर्ग सुरू झाले तेव्हा मुलांच्या आधी हजर राहायचं म्हणून लॅपटॉपचं घड्याळही हाताने पुढे करून ठेवलेलं. सिद्धेश हसून सांगायचा, "आमच्या घरात मरण पण दहा मिनिटं आधी येईल."

तो प्रयत्न करत होता. जीव तोडून करत होता. हुकूम नाकारला की पाठवणाऱ्याला मशीन धड काही सांगत नाही. चावी चुकली असेल, परवानगी नसेल, घड्याळ जुळत नसेल, असं सगळं एकाच दमात फेकतं. तो बिचारा चावीच तपासत बसला असणार. छातीत कळा येत असताना.

बायकोच्या घड्याळामुळे. साध्या, गुणी सवयीमुळे.

आणि मला हे तिला सांगायचं होतं.

टक्-टक्.

टक्-टक्.

मला रडू आलं. खोटं कशाला बोलू... भीतीपेक्षा रडू जास्त आलं. मेल्यावरही हा माणूस ड्युटीवर होता.

मी मशीनचं घड्याळ हाताने दहा मिनिटं पुढे केलं. आणि कीबोर्डपासून हात लांब घेऊन बसलो.

टक्-टक्.

हुकूम मिळाला. पत्ते पुन्हा वाचले.

पंखे पुन्हा घुमायला लागले. खोलीत कुणीतरी दाबून ठेवलेला श्वास सोडावा तसं वाटलं...

मग काहीच आलं नाही. बराच वेळ वाट पाहिली. मशीनचं घड्याळ जागेवर आणलं, जुनी चावी काढली, माझी बसवली. साहेबांना सगळं फोनवर सांगितलं. सिद्धेशचे हुकूम पोचत होते, मशीन नाकारत होतं, हेही.

ते म्हणाले, "ठीक आहे. आता चालतंय ना? मग मेल टाकून दे."

निघताना वहिनीचा फोन आला.

"भावोजी, गंमत सांगू? भिंतीवरचं घड्याळ मागे गेलंय. अगदी बरोबर वेळेवर. घरात मी एकटी. मी पुन्हा पुढे केलं, पाणी पिऊन आले, तर परत मागे."

"सेल गेला असेल."

"सेल गेला तर घड्याळ बंद पडेल. बरोबर कसं होईल?"

मी सर्व्हर रूमला कुलूप लावलं.

"बरं, ते राहू दे. कळलं काही? तो प्रयत्न करत होता?"

"हो वहिनी. शेवटपर्यंत. सगळे हुकूम इथे पोचले होते."

ती रडली. खूप रडली. मग विचारलं, "मग झालं का नाही?"

"मशीन बिघडलं होतं. कंपनीचं."

खोटं बोललो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

पण सिद्धेश ऐकत नाहीये.

वहिनीने नवीन घड्याळ आणलं, तेही मागे येतं. मनगटावरचंही. ती आता घाबरत नाही. म्हणते, "त्याला मला काहीतरी सांगायचंय." काय सांगायचंय त्याला? तुझी चूक नाही गं, असं? की तुझ्यामुळे गेलो, असं? मला कळत नाही. जिवंतपणी तो तिच्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. पण मेलेल्या माणसाची खात्री कोण देणार?

लॅपटॉप उघडू नका, म्हणून मी तिला शपथ घातली होती.

काल संध्याकाळी तिचा मेसेज आला.

"उघडला हो शेवटी. राहवलं नाही. कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय. मी तर ते पुढे ठेवलं होतं ना?"

थोड्या वेळाने दुसरा आला.

"भावोजी, एक विचारू? त्या कमांडला वेळ लागते का हो... म्हणजे घड्याळाची?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. आज सकाळपासून तिच्या नावाखाली 'टायपिंग' असं दिसतं आणि जातं. मी फोन लावला तर म्हणाली, "मी कुठे काय टाइप करतेय? मी शाळेत आहे. फोन पर्समध्ये होता."