कपाटात वाचलेलं पान

रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. काळजी एकच होती: हे पान आपल्या आईला ऐकवायचं की नाही?

तिची पहिली कादंबरी किशोरवयीन मुलांसाठी होती. घरातलं एक मूल जातं आणि मागे उरलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी होतात, अशी. पुस्तक येण्याआधी एक पान स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, वाचकांना चटक लागते, असं संपादकबाईंनी फर्मावलं होतं. दुःखाची चटक कशी लावतात, हे विचारायचं धाडस काही तिला झालं नव्हतं.

कादंबरीतलं मूल म्हणजे तिचा दादा. ती पाळण्यात होती तेव्हा सात वर्षांचा दादा लपाछपी खेळता खेळता गच्चीवरच्या रिकाम्या, नुकत्याच धुतलेल्या टाकीत शिरला. कुणीतरी आत न बघताच झाकण लावलं आणि खाली कुणीतरी पंप सुरू केला. त्यानंतर आईने त्याचा विषय काढला नाही, कुणाला काढूही दिला नाही. म्हणून लिहिताना हिने दादाची ताई केली, टाकीची नदी केली. तेव्हा आपण फार हुशार आहोत असं तिला वाटलं होतं.

दुपारी ती फोन घेऊन कपड्यांच्या कपाटात बसली. रस्त्याचा गोंगाट आत येत नाही, आवाज छान लागतो, ही तिची युक्ती. तिची चार वर्षांची लेक बिट्टी पलंगावर चित्र रंगवत होती. जो आधी बोलेल तो हरला, असं तिला बजावून ठेवलं होतं. लटकत्या कोटांच्या बाह्या हिच्या खांद्यांवर टेकल्या होत्या. आत डांबरगोळ्यांचा वास होता. त्याखाली आणखी एक, ओल्या सिमेंटचा. भिंतीला ओल आली असणार, घरमालकाला सांगायला हवं, असं मनाशी म्हणत तिने पान वाचून संपवलं, बाहेर आली आणि सवयीने दार लावून कडी घातली. स्वतःचा आवाज तिला कधीच ऐकवत नसे. शिवाय ऐकत बसलो तर धीर सुटेल, म्हणून तिने ते तसंच आईला पाठवून दिलं.

पाठोपाठ आईचा फोन आला. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती.

"हा आवाज तुला कुठे मिळाला?"

"माझाच आहे, आई. थोडी सर्दी झालीये, म्हणून..."

"तुझा नाही गं." आई म्हणाली. "त्याला अजून 'र' म्हणता येत नाही..."

यात मुलगा नाहीच, एक ताई आहे, एक नदी आहे, असं ती सांगत राहिली. नदीबिदी काही ऐकू आली नाही, असं आई म्हणाली. मग तिचा आवाज अगदी खाली गेला.

"झाकण लावू नका म्हणतोय... तेवढंच. परत परत."

फोन ठेवून तिने पान लावलं. तिचाच आवाज, जरासा नाकातला. ताई. नदी. शेवटचं वाक्य. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. म्हातारीची खपली आपणच काढली, असं म्हणत तिने स्वतःला चार शिव्या घातल्या. तरी खात्री म्हणून फोन बिट्टीच्या कानाला लावला आणि विचारलं, कोण बोलतंय सांग बघू?

बिट्टीने नीट ऐकलं. "तूच तर आहेस."

तिच्या जिवात जीव आला. एवढंसं कार्टं आपल्याला धीर देतंय, म्हणून तिला हसूही आलं. बिट्टीने मात्र हातातला खडू खाली ठेवला. तिचं लक्ष कपाटाकडे होतं, आणि कुणाला तरी ऐकू जाऊ नये इतक्या हळू ती म्हणाली,

"पण आई, तू कडी का घातलीस? तो अजून आत आहे ना."