पाठ नसलेल्या चौघी

चारोटी नाक्यावर अदिती बसमधून उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. तिच्या पाठीला लॅपटॉपची पिशवी होती, हातात अर्धा वडापाव होता आणि तोंडातले पहिलेच वाक्य माझे डोके फिरवणारे होते.

"बाबा, तू परत तोच शर्ट घातलास?"

मला 'तू' म्हणणारे माणूस जगात आता तेवढे एकच उरले होते. सुधा होती तोवर दोघी होत्या. माझ्या बायकोशी आणि मुलीशी मी आयुष्यभर भांडलो, आणि त्यात मला काहीही गैर वाटत नाही. ज्या घरात माणसे एकमेकांची वाक्ये खोडून काढतात, ते घर जागे असते. सुधा गेल्यानंतर डहाणूच्या आमच्या घरात वाद घालायला कोणी राहिले नाही. अदिती पुण्याहून येई, तेवढेच दिवस मला माझा आवाज ऐकू येई.

या खेपेला ती एका मूर्खपणासाठी आली होती.

तिच्या लहानपणी सुधाने एक जुना संगणक विकत आणला होता आणि त्यात कोणीतरी घालून ठेवलेला एक जपानी खेळ होता. खेळ म्हणजे काय, तर चित्रे पाहायची आणि खाली उमटणारी वाक्ये वाचायची. समुद्राकाठच्या एका खाणावळीत एक विद्यार्थी राहतो आणि तिथल्या पाच तरुणी त्याच्याशी बोलतात. एकीने कोळंबीचा वेष केला आहे, दुसरीने किटलीचा, तिसरीने मिटलेल्या छत्रीचा, चौथीने रेल्वेच्या सिग्नलचा. का, हे कोणी विचारत नाही. मायलेकींपैकी कोणालाही जपानी येत नव्हते, म्हणून सुधा मनाला येईल ते संवाद म्हणत असे. कोळंबी वरोरच्या मासेवालीसारखी भांडायची आणि सिग्नल स्टेशनमास्तरांच्या बायकोसारखा नाकात बोलायचा. मी शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत दात-ओठ खात बसलेला असे.

आता अदितीला जपानी येत होते. चार मित्र मिळून त्या खेळाचे मराठी करणार होते, आणि भाषा तपासण्याचा मान मला मिळणार होता.

"हा मान आहे का?" मी म्हणालो. "चाळीस वर्षे ज्याने अभिजात गद्य शिकवले, त्याने किटलीची वाक्ये दुरुस्त करावीत?"

"किटलीला पण फीलिंग्ज असतात, बाबा. बस ना जरा."

मी बसलो. खेळाची रीत मला संतापजनक वाटली. तरुणी एक वाक्य बोलते. खाली दोन उत्तरे येतात. त्यांपैकी एक निवडेपर्यंत ती तशीच उभी राहते, ठरावीक वेळाने पापण्या मिटते आणि तोंडावर तेच हसू ठेवते. तुम्ही तासभर उठून गेलात तरी ती थांबते. निरोप घेताना ती वळत नाही; समोर पाहत पाहतच चित्राबाहेर सरकते.

"ही माणसासारखी वळून का जात नाही?"

"पाठ काढलीच नाहीये," अदिती म्हणाली. "चौघींनाही पाठ नाही. पैसे वाचवले असतील. पाठ फक्त पाचवीला आहे, पण तिला तोंड नाही. थांब, दाखवते."

पाचवी खाणावळीच्या मागच्या दारात पाठमोरी उभी होती. तिचा वेष साधा होता. मात्र मान किंचित वळलेली असल्यामुळे तोंडावर बांधलेला लाकडी मुखवटा कडेने दिसत होता. त्याचा उजवा कान तुटलेला होता आणि तिथे पत्र्याचा तुकडा चार खिळ्यांनी ठोकलेला होता.

तो मुखवटा आमच्या भिंतीवर होता.

सुधाचे माहेर तलासरीच्या पुढे, एका पाड्यावर. तिच्या घराण्याकडे गावच्या उत्सवात मुखवटा बांधून सोंग नाचवण्याचा मान होता. नवा मुखवटा केल्यावर तिच्या भावाने, हिरूने, जुना आम्हांला दिला. सुधाने तो कापडात बांधून कपाटावर ठेवला होता. तिच्या मागे मी तो बैठकीत लावला, कारण चांगली कारागिरी झाकून ठेवणे मला पटत नाही. त्या घराण्याचा एक दंडक होता. सोंग अंगावर असलेल्याला कोणीही नावाने हाक मारायची नाही. मुखवटा उतरवून सुपात ठेवला, त्यावर पाणी शिंपडले, की मगच नाव घ्यायचे. आधी घेतले तर काय होते, असे मी लग्नाच्या वर्षीच विचारले होते. सुधा म्हणाली होती, "होत नाही, कारण कोणी घेत नाही." हा युक्तिवाद नव्हे, हे मी तिला पुढे अनेकदा पटवून देण्याचा प्रयत्न केला.

"कॉपी आहे रे ही!" अदिती टाळी वाजवून म्हणाली. "आणि ऐक, ही पाचवी आली की आई कॉम्प्युटर बंदच करायची. मला वाटायचं जेवायची वेळ झाली."

कुठल्यातरी जपानी चित्रकाराने हा पत्रा, हे चार खिळे कसे पाहिले असतील, असे मी विचारत होतो. तेवढ्यात पाचवीचे वाक्य आले आणि माझे लक्ष तिकडे गेले. अदितीने त्याचे मराठी केले होते: 'ए, मला हाक मार ना.'

"हे गद्य नव्हे," मी म्हणालो. "ही चाळीच्या जिन्यातली बडबड आहे. 'मला नावाने हाक मारावी' असे लिही."

"म्हणजे ती काय तहसीलदाराला अर्ज करतेय?"

"ती अनोळखी माणसाशी बोलते आहे!"

"कशावरून अनोळखी? बाबा, तुझी माणसं सगळी पुस्तकातून बोलतात. आई म्हणायची ते खरंय, तुला जिवंत माणूस बोललेलं ऐकूच येत नाही."

मृत माणसाला साक्षीला उभे करणे हा वादातला हलकटपणा आहे. मी तसे म्हणालो. ती हसत उठली, भिंतीवरचा मुखवटा काढला, तोंडाला लावला आणि कमरेवर हात ठेवून, हुबेहूब सुधाच्या आवाजात म्हणाली, "ए, मला हाक मार ना!"

माझा तोल गेला.

"अदिती!"

ती थबकली. पंखा फिरत होता. बाहेर चिकूच्या झाडाखाली कोणीतरी फळे पाटीत ओतत होते, तो आवाज थांबला.

तिने मुखवटा सावकाश खाली घेतला. तोंडावर हसू होते.

"क्षमा करा, बाबा. वाक्य तुमचे ठेवू, की माझे?"

"माझे," मी म्हणालो.

हा टोमणा आहे असे मी धरले आणि मुखवटा परत भिंतीवर लावला. जेवणाच्या वेळी तिने विचारले, "बाबा, आता वाढू, की थोड्या वेळाने वाढू?" मी मुद्दाम उत्तर दिले नाही. माझी वर्तमानपत्राची सगळी पाने वाचून झाली तरी ती ताट घेऊन समोर उभी होती. मी म्हणालो, "पुरे झाले हे नाटक." ती उभीच राहिली. अखेर "आता" म्हणालो तेव्हा तिने वाढले.

पुढचे दिवस मी रागातच काढले. ती चांगले बोलत होती. प्रत्येक वाक्य घोटीव, कर्ता-कर्म जागच्या जागी. मी वर्गात फळ्यावर लिहिली असती अशी वाक्ये. मी शर्ट बदलला नाही, तिने काही म्हटले नाही. मी तिच्या मित्रांना मूर्ख म्हणालो, तिने विचारले, "मित्रांविषयी बोलू, की विषय बदलू?" शेजारच्या संगीताबाई म्हणाल्या, "सर, मुलगी किती शांत झाली हो. आमच्या मनीषला पाठवू का शिकायला?" मी त्यांच्यावर इतका ओरडलो की त्या आल्या पावली परतल्या. डॉक्टरांनी नाडी, डोळे, रक्त सारे तपासले आणि थकवा असेल म्हणाले.

मग हिरू आला. सोबत भाचीसाठी सुके बोंबील होते. तो ओटीवर चढला. अदिती दारात आली.

"मामा, बसता, की उभे राहता?"

हिरूने आधी तिच्याकडे बघितले. मग बैठकीतल्या भिंतीवरच्या मुखवट्याकडे.

"भावोजी, हाक कोणी मारली?"

"मी मारली. माझ्या मुलीला मी नावाने हाक मारली. त्यात काय?"

"काय नाय." त्याने बोंबलांची पुडी ओटीवर ठेवली. "पाणी नको मला."

"हिरू, तुला काही ठाऊक असेल तर सांग. मूग गिळून जाऊ नकोस!"

"असं आमच्यात कोणी केलंच नाय, भावोजी. कसं सांगू?" तो चपला पायात न घालता, हातात घेऊन निघून गेला. त्याची वळलेली पाठ फाटकाबाहेर जाईपर्यंत मी पाहिली.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. मी बैठकीकडे वळलो. अदिती दारातून स्वयंपाकघराकडे जात होती. माझ्याकडे तोंड करून, हसत, पाऊल न उचलल्यासारखी सरकत.

त्या दिवसापासून तिची पाठ मला दिसली नव्हती.

आज दुपारी मी तिचा लॅपटॉप उघडला. खेळ तिथेच थांबला होता. मागचे दार, समुद्र. पाचवी मात्र पाठमोरी नव्हती. तिच्या तोंडावर मुखवटा नव्हता. जाडसर ठिपक्यांनी काढलेली एक तरुणी होती, लॅपटॉपची पिशवी पाठीला, आणि भुवया आक्रसलेल्या.

खाली वाक्य उमटले.

'बाबा, तू परत तोच शर्ट घातलास?'

उत्तरांच्या दोन्ही चौकटी कोऱ्या होत्या. मी दाबत राहिलो.

'बाबा, भांड ना.'

मी ओरडलो. जे जे सुचले ते ओरडलो. तिच्यावर, सुधावर, त्या चित्रकारावर. पडद्यावरच्या मुलीने पापण्या मिटल्या. वाक्य बदलले नाही.

मी भिंतीवरचा मुखवटा काढला. पुन्हा तिच्या तोंडाला लावायचा आणि पुन्हा हाक मारायची. मला दुसरा तर्क सुचत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. तिच्या मागे गॅसवर दूध ठेवलेले होते.

"बाबा," ती म्हणाली, "मुखवटा मी घालू, की तुम्ही घालता?"

दोन उत्तरांपैकी मी एक निवडू पाहत होतो. दूध वर आले, फसफसले, उतू गेले. जळका वास घरभर पसरला.

ती हसत माझ्याकडे पाहत होती. तिने मागे वळून पाहिले नाही.