परत आलेली प्लेट

राजरत्न पहिल्यांदा आमच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात आला आणि माझा चहा सांडला. काउंटरवर ठेवलेला त्याच्या गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला तो जड गोल भाग, कलंडला, कप आडवा झाला... आणि माझी ओढणी त्याने हातातल्या ग्रीसच्या फडक्यानेच पुसली. ओढणी कामातून गेली. मीही गेलेच.

अंबरनाथच्या गॅरेजात तो रेससाठी गाडी बांधत होता. कन्व्हर्टर भारीतला आणला होता, पण त्याला इंजिनाशी जोडणारी पातळ चकती, फ्लेक्सप्लेट, मिळत नव्हती. दोन्हींची बोल्टची भोकं तंतोतंत जुळावी लागतात. मी मापं घेऊन प्लेट दिली. दुसऱ्या दिवशी प्लेट परत. "बसत नाही, मॅडम." दुसरी दिली, तीही परत. बाबा म्हणाले, मैत्रेयी, तुझं माप चुकतंय. माझं माप? मी चक्रावले.

मग प्लेट उजेडात धरली. प्रत्येक भोकाभोवती चकचकीत कडं उमटलं होतं. बोल्ट पूर्ण आवळल्याशिवाय असं कडं उमटत नाही. म्हणजे प्लेट बसली होती! मग हा ती परत का आणत होता... माझ्यासाठी? की मीच उगाच हरखत होते?

रविवारी शहाडचा मुलगा मला बघायला येणार होता. प्लेट का परत आणता, हे विचारायला जीभ रेटेना. म्हणून राजरत्नला मी मुद्दाम चुकीची प्लेट दिली – निदान यायला खरं कारण तरी मिळेल.

तर तो आलाच नाही. शनिवारी शेवटी मीच रिक्षा करून गॅरेजात धडकले.

"ही तर अजिबात बसत नाही," तो म्हणाला.

"माहितीये."

"मग दिली कशाला?"

"तुम्ही परत आणावी म्हणून."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "मला वाटलं... तुम्हाला माझी चोरी कळली. आता येऊ नको, असं सांगताय."

हसावं की रडावं, मला कळेना. उद्या मुलगा येतोय, हेही सांगून टाकलं.

"आवडलाय तो?" त्याने खाली बघत विचारलं.

"त्याला मी पाहिलंही नाहीये. मला तुम्ही आवडता."

रविवारी सकाळी, शहाडवाल्यांच्या आधी, तो आईवडिलांना घेऊन दारात हजर झाला. हातात तीच प्लेट. बाबा वैतागले, ही पण नाही बसली का?

"ही नाही बसली, काका," राजरत्न म्हणाला. "पहिल्या दोन्ही बसल्या होत्या."

बाबांनी प्लेटकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे माप बरोबर होतं हिचं," ते म्हणाले, आणि त्यांनी शहाडला फोन लावला.