मागे घेतलेला अर्ज

"काकू, दार उघडा! आपला अर्ज कुणीतरी मागे घेतलाय!"

टपालकाकूंनी दार उघडलं. समोर वस्तीतल्या दवाखान्याची सिस्टर उभी होती. बाळ पायाळू आलं तरी न डगमगणारी ही बाई, पण आज दार उघडलं तरी तिची मूठ ठोठावायला उगारलेलीच होती. दुसऱ्या हातात एक मोठं तपकिरी पाकीट होतं.

काकू एकतीस वर्षं टपालाच्या छाटणीवर होत्या. नोकरी संपली, नजर मात्र अजून कामावर होती. वस्तीत कुणाला निनावी चिठ्ठी आली की ती आधी त्यांच्याकडे यायची.

"बस. पाणी पी. आणि पहिल्यापासून सांग."

वस्तीत बाळंतपणाची खोली नव्हती. एका परदेशी सरकारची शहरातली वकिलात अशा बांधकामाला अनुदान द्यायची. वस्तीच्या समितीने सहा महिने खपून अर्ज केला, पहिली चाळणी पारही केली. आणि आज सकाळी वकिलातीतून फोन आला. अध्यक्षांच्या सहीचं पत्र मिळालं होतं, अर्ज मागे घेत असल्याचं.

"मी धावत गेले. समितीने असं काही ठरवलंच नाही म्हटलं, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी हे पाकीट हाती दिलं. म्हणाले, भांडणाऱ्या समितीला आम्ही अनुदान देत नाही. हे कुणी केलं आणि का, ते आज पाचच्या आत सांगा. नाहीतर तुमची जागा दुसऱ्या संस्थेला." तिने डोळे पुसले. "काकू, माझी वहिनी बाळंत होताना रिक्षातच गेली..."

काकूंना ते सांगायची गरजही नव्हती. त्या रिक्षात त्याही होत्या.

काकूंनी पाकीट उलटंपालटं केलं. टपालाचा शिक्का मंगळवारचा. आत एक पुठ्ठा आणि त्याला चिमट्याने लावलेला एकच कागद. कागदावर टंकलेल्या तीन ओळी, डावीकडे रुंद समास, अध्यक्षांची सही, समितीचा गोल शिक्का.

"एवढ्याशा पत्राला एवढं थोरलं पाकीट," काकू पुटपुटल्या. "वकिलातीकडून तुम्हाला शेवटचं काय आलं होतं?"

"पाहणीचं पत्र. येत्या सोमवारी येऊन जागा बघणार, दवाखान्याची नोंदवही तपासणार. बुधवारच्या सभेत चिटणीस गुरुजींनी वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"अर्ज कुणी लिहिला?"

"गुरुजींनीच. नाकी नऊ आणले त्यांनी आमच्या. वकिलातीच्या सूचनांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपायचे. चहाचा कप घेऊन टेबलाजवळ फिरकू द्यायचे नाहीत."

"तुझा संशय कुणावर?"

"ठेकेदारावर! तिघांची दरपत्रकं मागवली होती, त्याचं महाग निघालं. तेव्हापासून माझ्याकडे बघतही नाही."

अध्यक्षांचं किराणा दुकान कोपऱ्यावरच होतं. पत्र पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"सही तुमची?"

"माझीच. पण पत्र माझं नाही हो! दर वेळी मी कुठे हजर असतो? म्हणून कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवतो. समितीच्या कपाटात असतात."

"आणि शिक्का?"

"तिथेच."

"किल्ली?"

अध्यक्षांनी मुकाट्याने बोट दाखवलं. किल्ली तराजूमागच्या खिळ्यावर लटकत होती, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताशी.

"मग कुलूप तरी कशाला लावता?" काकूंनी विचारलं. "वकिलातीचं टपाल कुणाकडे येतं?"

"दुकानात. मी न फोडताच गुरुजींकडे पोचवतो. पाहणीचं पत्र सोमवारी आलं, तेलाचे डबे उतरवत होतो तेव्हा."

ठेकेदार एका अर्धवट भिंतीपाशी भेटला. तो फणकारलाच.

"माझ्यावर आळ? काम हातचं गेलं म्हणून राग आला, नाही म्हणत नाही. पण माझ्या सुनेला सातवा महिना लागलाय. मी खोली बुडवीन?"

"किल्ली कुठे असते, ठाऊक आहे?"

"सगळ्या वस्तीला ठाऊक आहे."

सिस्टरचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. काकूंनी फक्त घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते.

तीन वाजता समितीच्या खोलीत तिघे जमले. अध्यक्ष, ठेकेदार आणि चिटणीस गुरुजी. निम्म्या वस्तीला अक्षरओळख करून देणारे गुरुजी आज खाली मान घालून बसले होते.

"प्रत्येकाने लिहून द्या," काकू म्हणाल्या. "'हे पत्र मी पाठवलेलं नाही.' बास."

अध्यक्षांनी पटकन खरडलं, चौघडी घालून वर टाचणी टोचली. ठेकेदाराने घामट कागदाची सुपारीएवढी घडी केली. गुरुजींनी हात रुमालाला पुसले. डावीकडे दोन बोटं समास सोडला. लिहून झाल्यावर कागद सपाटच वहीत ठेवून वही काकूंपुढे सरकवली.

काकूंनी वही उघडलीसुद्धा नाही.

"गुरुजी, का केलंत?"

सिस्टर उसळली, "काकू, काहीतरीच काय! गुरुजी?"

"ऐक. सहा महिने कुणी आडवं आलं नाही, पाहणी ठरताच मंगळवारी हे पत्र टपालात पडलं. पाहणी होणार हे तुम्हाला बुधवारी कळलं. त्याआधी ते एकालाच माहीत होतं, कारण पत्र सोमवारीच त्याच्या हाती गेलं होतं." काकूंनी तपकिरी पाकीट उचललं. "आणि हे बघ. तीन ओळींचं पत्र माणूस दुमडतो, लहान पाकिटात कोंबतो. चोरीचं असेल तर आणखीच घाईने. याला पुठ्ठा लावलाय. घडी नाही, टाचणी नाही, डावीकडे दोन बोटं समास. वकिलातीच्या सूचना अशाच आहेत ना? लबाडी करतानाही ज्याच्याने त्या मोडवल्या नाहीत, असा माणूस इथे एकच आहे."

गुरुजींनी चष्मा काढला.

"वर्षाला बाळंतपणं किती, असं अर्जात विचारलं होतं. अकरा लिहिलं तर कोण देणार खोली? मी चाळीस लिहिलं. मग नोंदवही तपासणार असं पत्र आलं. अर्जावर सही सिस्टरची, माझ्यावर विसंबून न वाचता केलेली. खोटं माझं, आणि नोकरी हिची गेली असती."

"म्हणून खोलीच घालवलीत?" सिस्टर रडत ओरडली. "मला विचारलं असतंत तरी! आकडे तुम्हीच शिकवलेत ना मला?"

तिला गुरुजींचा राग आला होता आणि कीवही येत होती. तिने कपाटातून कोरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"लिहा. कुणी केलं, का केलं, सगळं. आकडा अकरा लिहा. आणि बारावी बाळंतीण रिक्षात गेली, तेही लिहा."

गुरुजींनी लिहायला घेतलं, आणि घाईतही समास दोन बोटंच सुटला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना सिस्टर आणि गुरुजी वकिलातीत पोचले. कागद पुठ्ठ्यात होता. अधिकाऱ्यांनी उभ्याउभ्याच वाचला.

"एवढ्या कमी आकड्यावर आम्ही नाही म्हणू शकतो, हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे," सिस्टर म्हणाली.

त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग कागदाची चौघडी घातली आणि खिशात ठेवली.

"अहो, घडी..." गुरुजींच्या तोंडून निघूनच गेलं.

"साहेबांना आत्ताच दाखवतो. पाहणी ठरल्याप्रमाणे होईल. सोमवारी दहाला येतो, नोंदवही काढून ठेवा."

सिस्टरला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने गुरुजींच्या हातातला रिकामा पुठ्ठा काढून घेतला आणि त्यांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवू लागली.