चौथ्या ओळीतलं घर

यावर विश्वास ठेवाच, असं मी म्हणणार नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. नाव माझंच आहे, सिंधु. आणि हे माझ्याच घरी घडलं.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

१९८६ साल, मे महिन्यातला मंगळवार. लातूर.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. रोज एक नवं ऑफिस उघडायचं, रोज कुणाची तरी बदली होऊन यायची. गावाबाहेरच्या माळावर दोरी लावून आखल्यासारख्या कॉलन्या उठत होत्या. माझे मालक शेषेराव कलेक्टर कचेरीत कारकून. अहमदपूरजवळचं आमचं खेडं सोडून आम्ही इथं आलो. मी, ते आणि माझ्या सासूबाई धुरपताबाई. मी त्यांना आत्या म्हणायची.

कॉलनीत अठ्ठेचाळीस घरं. बारा-बाराच्या चार ओळी. सगळी घरं एकसारखी. पिवळी भिंत, हिरवं दार, एक खिडकी, एक पायरी. आमचं घर दुसऱ्या ओळीत दुसरं, नंबर चौदा. चौथी ओळ अजून कुणाला दिलेली नव्हती. बाराही दारांना कुलपं.

दोन वर्षं पाऊस नव्हता. घरात नळ बसवलेले होते, पण त्यांतून कधी थेंब आला नव्हता. तीन दिवसांनी टँकर यायचा, दुपारी. गावात आमच्या लोकांचा आड वेगळा होता. इथं सगळ्यांच्या घागरी एकाच रांगेत. तरी आत्या सवयीनं आपली घागर हातभर लांब ठेवायच्या. शेजारच्या शिवकांताबाई ती उचलून रांगेत आणून ठेवायच्या.

एप्रिलमध्ये मला मुलगी झाली होती.

मेलेलीच.

मी रडले नाही. रडू येतच नव्हतं. कुणी बोललं तर ऐकू यायचं, पण लांबून. हाताला चटका बसला तरी उशिरा कळायचं. शेषेराव सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, मान खाली घालून जेवायचे. आणि आत्या दिवसभर बोलायच्या.

"बाहेर दोनच वर्सं झाली दुष्काळ पडून," त्या म्हणायच्या, "हिच्या पोटात तर कायमचाच हाय."

मी ऐकून घ्यायची. तेसुद्धा लांबूनच यायचं.

त्या मंगळवारी मी गिरणीवरून दळण घेऊन आले. डोक्यावर पिठाचा डबा. ऊन एवढं होतं की मोठ्या रस्त्यानं न जाता मी कॉलनीच्या मागच्या बाजूनं शिरले. ओळी मोजल्या का, आठवत नाही. दाराशेजारी डांबरानं नंबर लिहिलेले असायचे, पण मी नंबर बघितला नाही. आपल्या घराचा नंबर कोण बघतं?

दुसरं घर आलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेले.

आत गार होतं.

गिरणीचा आवाज इतका वेळ पाठीमागं येत होता. तो एकदम थांबला...

स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थप, थप, थप.

"आलीस, माय?" आतून आवाज आला. आत्यांचाच आवाज. "पाणी पी आधी. उन्हाची आलीस."

कोपऱ्यात माठ होता. मी डबा खाली ठेवला आणि पाणी प्यायले. एवढं गोड, एवढं गार पाणी मी त्या उन्हाळ्यात प्यायले नव्हते. दुसरा तांब्यापण प्यायले. आत्या कधी दुसरा तांब्या घेऊ द्यायच्या नाहीत.

"टेक जरा. तुला काम सांगून सांगून मी तुझी हाडं झिजवली."

मी भिंतीला टेकून बसले. फरशी ओली असल्यासारखी गार.

थप, थप, थप.

"लेकरू गेलं त्यात तुझा काय दोष? कुणी काय बी म्हनू दे."

पाच आठवड्यांत हे मला कुणीच म्हटलं नव्हतं. ना आईनं, ना मालकांनी. माझ्या गालावर काहीतरी ओघळलं. हात लावून बघितला तेव्हा कळलं, मी रडत होते.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. खूप लांबून.

"सिंधेऽऽऽ... कुठं उलथलीस गं..."

तोही आत्यांचाच आवाज.

स्वयंपाकघरातलं थापणं थांबलं.

"जाऊ नको," आतला आवाज हळूच म्हणाला. "ती बोंबलंल आन् गप बसल."

मी समोर बघितलं. आमच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. शेषेरावांनी पहिल्याच दिवशी खिळा ठोकून लावलेला.

भिंतीवर फोटो नव्हता.

खिळापण नव्हता.

आणि एक गोष्ट उशिरा लक्षात आली... इतका वेळ भाकरी चाललेली, पण धुराचा वासच नव्हता.

मी उठले. पळाले नाही. खरं सांगते, भीती वाटली नाही. झोपेतून उठल्यासारखी बाहेर आले आणि चालत गेले. तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी आत्या उभ्या होत्या, पदर डोक्यावर, डोळे लाल.

"दोन घंटे झाले तुला जाऊन! कुठं मेली होतीस? दळण कुठाय?"

मी मागं वळून बघितलं. ज्या घरातून मी आले त्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारी डांबरानं लिहिलेलं... ३८.

कॉलनीच्या किल्ल्या म्हातारे चौकीदार महादेवप्पा सांभाळायचे. दळण त्या घरात राहिलंय म्हटल्यावर आत्यांनी त्यांना बोलावलं. त्यांनी कुलूप उघडलं.

आत बोटभर धूळ. माठ नाही, चूल नाही. खोलीच्या मधोमध आमचा पिठाचा डबा.

धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. माझंसुद्धा.

महादेवप्पांनी डबा बाहेर आणून दिला, कुलूप लावलं. मग म्हणाले, "ताई, चौथ्या ओळीत दुपारचं येत जाऊ नका."

"का? काय हाय इथं?" मी विचारलं.

"मला काय म्हाईत न्हाई. मी किल्ल्या सांभाळतो."

आत्यांनी ते पीठ उकिरड्यावर ओतलं. घरी येऊन मलाच बोलल्या. मी कुणाशी बोलले, काय ऐकलं, ते मी सांगितलं नाही.

आठ-नऊ दिवस गेले.

टँकरचा दिवस होता. मी आणि शिवकांताबाई रांगेत उभ्या होतो. आत्या घरी होत्या. पहिल्या ओळीतल्या गुणाबाई आल्या आणि मला बघून थबकल्या.

"तू हितं? मग तुझी सासू कुनाला ओ देत होती?"

"म्हंजे?"

"आत्ताच चौथ्या ओळीकडं गेली की. 'आले गं सिंधे, आले' म्हनत होती."

मी घागर तिथंच सोडली. शिवकांताबाई माझ्या मागं धावल्या.

अडतीस नंबरच्या दाराला कुलूप होतं.

आम्ही दाराला कान लावला. आत बोलणं चाललं होतं. आत्या बोलत होत्या... बारीक आवाजात, विनवल्यासारख्या. शब्द कळत नव्हते. मग कुणीतरी उत्तर दिलं.

शिवकांताबाईंनी दारावरचा कान काढला. त्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. माझे ओठ हलतायत का, ते बघत होत्या.

कारण आतून उत्तर येत होतं ते माझ्या आवाजात.

महादेवप्पा किल्ल्या घेऊन आले. त्यांनी दोनदा चुकीची किल्ली लावली. कुलूप वाजलं तसं आतलं बोलणं बंद झालं.

दार उघडलं.

आत्या एकट्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय पसरून, हात मांडीवर. आमच्याकडं बघून त्यांनी डोळे मिचमिचे केले. उजेड सहन होत नसल्यासारखे.

"आत्या, आत कशा आलात?"

त्या हसल्या. मी त्यांना लग्नानंतर हसताना पाहिलं नव्हतं.

"चल माय," त्या म्हणाल्या. "घरी चल. उन्हाची आलीस."

माझ्या अंगावर काटा यायला पाहिजे होता. आला नाही. मी त्यांना हात दिला. त्यांचा हात गार होता. आम्ही दोघी चालत घरी आलो. शिवकांताबाई आमच्यापासून चार पावलं मागं राहिल्या.

त्या दिवशी आत्यांनी भाकरी केली. माझ्या ताटात पहिली वाढली. शेषेराव एकदा आईकडं, एकदा माझ्याकडं बघत जेवले.

मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि आत्या डाळ निवडत बसलो होतो. कॉलनी सुनसान.

आणि लांबून हाक आली.

"सिंधेऽऽऽ..."

चौथ्या ओळीकडून.

"सिंधे... अगं दार उघड गं..."

मी आत्यांकडं बघितलं. त्या माझ्यासमोर बसलेल्या. तोंड मिटलेलं. डाळीतला हात थांबलेला.

"कोन तरी बोंबलून राहिलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "बोंबलंल आन् गप बसल."

मी उठले. दारापर्यंत गेले. कडीला हात लावला.

"ऊन लई हाय, माय. बस."

आणि मी...

मी येऊन बसले.

तिसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. चौथ्या दिवशी शिवी आली. तशी शिवी मला एकच बाई द्यायची. शेजारी शिवकांताबाईंनी खिडकी लावून घेतल्याचा आवाज आला. पाचव्या दिवशी आवाज एवढा बसला होता की नुसतं "पानी... पानी..." ऐकू येत होतं.

सहाव्या दिवशी काही आलं नाही.

महादेवप्पा नंतर कामावर दिसले नाहीत. गावाकडं गेले म्हणे. शिवकांताबाईंनी हा विषय माझ्याजवळ कधी काढला नाही. मीही काढला नाही.

पुढच्या साली चौथी ओळ लोकांना वाटून दिली. अडतीस नंबरात नायगावकडचं एक कुटुंब आलं. त्यांना काही त्रास झाल्याचं ऐकलं नाही. त्यांच्या घरच्या वास्तूला मला बोलावलं होतं. मी गेले नाही.

आत्या त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. मला एकदाही वाकडा शब्द बोलल्या नाहीत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनीच मला शेकलं, न्हाऊ घातलं. लेकरं त्यांच्याच कुशीत वाढली. शेवटच्या आजारात मी त्यांचं सगळं केलं. भंतेजी आले, वंदना झाली, शेषेरावांनी अग्नी दिला. मी रडले. मनापासून रडले.

शेषेराव अजूनही पाहुण्यांना सांगतात, "लातूरला आल्यावर आमची आई लई बदलली बघा. हितलं पानी मानवलं तिला."

ते त्यांच्या आईबद्दल बोलतात. मी जिला आई मानलं, ती त्यांची आई होती का, ते मला ठाऊक नाही.

सासूशी कशी वागलीस म्हणून लोक माझं कौतुक करतात.

ते चार दिवस मी घरातच बसून होते. मधे फक्त एक ओळ होती.