कोटाची कंबर

सून नामांकित कंपन्यांचे वापरलेले कपडे ऑनलाइन विकायची आणि सासूबाई त्यांची मापं घ्यायच्या. सासूबाई प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या नर्स. तीस वर्षं ज्या टेपने पोटं मोजली, तीच टेप आता कपड्यांना. मोजण्याआधी तळहात चोळून उबदार करायची सवयही सुटली नव्हती. पण माप एकदम चोख, अर्ध्या बोटाची चूक नाही.

मग तो लोकरीचा मातकट कोट आला. कंबर अठ्ठावीस. पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, कंबरेत ढगळ आहे, आणि कोट परत आला. सासूबाईंनी मोजला. तीस. खांदे आणि बाह्या जिथल्या तिथे.

"आई, चष्मा बदलायला झालाय तुमचा."

"चष्म्याला काय धाड भरलीय? बटणं बघ, कशी ताणलीत."

तीस लिहून पुन्हा विकला. दीड महिन्याने पुन्हा दारात हजर. आता चौतीस.

एकाच वस्तूची तिसरी तक्रार झाली की साइटवाले दुकानाला कायमचं टाळं लावत. चांगली नोकरी सोडून सुनेने हे दुकान उभं केलं होतं. विषाची परीक्षा कोण घेणार? कोट कपाटात गेला.

सासूबाईंना मात्र चाळाच लागला. दर महिन्याला कोट बाहेर काढून त्या 'तपासणी' करत. अडतीस. एक्केचाळीस. सून लोटपोट हसायची. कोटाच्या वजनाने हँगर वाकला तेव्हा तिने जाड लाकडी आणला, तोही हसतच.

एकदा सासूबाईंनी अस्तरावर तळहात टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"काय झालं, आई?"

"काही नाही. मजेत आहे."

सून तेव्हा हसली, पण जरा उशिराने.

नवव्या महिन्यात ऑर्डर आली. अठ्ठावीस कंबरेची पहिली जाहिरात साइटवरून काढायची सून विसरली होती. ऑर्डर रद्द केली तरी तक्रारच धरणार. कोट तर चव्वेचाळीसवर.

"मेले मी, आई. गेलं दुकान."

सासूबाईंनी चष्मा पुसला. "पाठव बिनधास्त. दिवस भरलेत त्याचे."

दुसरा मार्गच नव्हता. दोघींनी मोठं खोकं घेतलं, कोट अलगद घडी करून ठेवला. सासूबाईंनी खोक्याला दोन भोकंही पाडली. सुनेने चिकटपट्टी ती टाळून लावली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकाचा निरोप आला. सुनेने फोन सासूबाईंसमोर धरून तो वाचला.

"कोट अगदी अंगासरसा बसला. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीसच."

दोघींनी टाळ्या दिल्या. सुनेने सासूबाईंना घट्ट मिठी मारली, खोलीभर नाचवलं. दुकान वाचलं होतं.

फोन पुन्हा वाजला.

"सोबत याच कापडाचा छोटा कोट निघाला. मी मागवला नव्हता. परत पाठवू?"

परत म्हणजे तक्रार. सुनेने घाईघाईने लिहिलं, "राहू द्या, आमच्याकडून भेट."

उत्तर लगेच आलं.

"बरं. पण त्याचं माप कोणतं धरायचं? काल बाही चार बोटं होती, आज पाच भरली."

सासूबाई तळहात चोळू लागल्या.